‘कंपनरहित’ इंजिनाची चिकित्सा : हलक्या विमानांतील रोटरी इंजिन आणि पीळकंपनाचा प्रश्न

सारांश

वांकेल प्रकारच्या रोटरी इंजिनाचे वर्णन ‘कंपनरहित इंजिन’ असे सर्रास केले जाते. मोटारीसाठी घडविलेले हे इंजिन हलक्या विमानात बसविण्याचे प्रयत्न गेली अनेक दशके चालू असून, त्यांच्या समर्थनार्थ हेच वर्णन पुढे केले जाते. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा केली आहे. हे विधान जडत्वजन्य कंपनापुरते खरे आहे; पीळकंपनाच्या बाबतीत ते दिशाभूल करणारे आहे. पीळकंपन हा एकट्या इंजिनाचा गुणधर्म नसून इंजिन, गिअरबॉक्स व प्रोपेलर या संपूर्ण साखळीचा गुणधर्म आहे. हे ध्यानात न घेता सुचविलेले उपाय अपुरे ठरतात, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : वांकेल इंजिन, पीळकंपन, अनुस्पंदन, वेग कमी करणारा गिअरबॉक्स, प्रोपेलर, हलकी विमाने.

१. प्रास्ताविक

वांकेल इंजिनाविषयीच्या परिचयपर लेखनात एक विधान जवळजवळ हमखास आढळते : या इंजिनात वरखाली होणारा पिस्टन नसल्यामुळे त्यात कंपन नसते. पाठ्यपुस्तकातील टिपणांतून हे वाक्य विद्यार्थ्यांच्या वहीत उतरते, वहीतून उत्तरपत्रिकेत जाते आणि पुढे त्याच विद्यार्थ्यांपैकी एखादा अभियंता झाला म्हणजे त्याच्या गृहीतकांत जाऊन बसते. वाक्य सोपे आहे, लक्षात राहणारे आहे आणि अर्धे खरे आहे. पूर्ण खोटे विधान पहिल्या प्रयोगातच उघडे पडते. अर्धसत्याला मात्र दीर्घायुष्य लाभते, आणि म्हणून त्याची तपासणी अधिक काटेकोरपणे करावी लागते.

मोटारीच्या बाबतीत या अर्धसत्याची किंमत फारशी मोजावी लागत नाही. रस्त्यावर एखादा शाफ्ट तुटला तर गाडी कडेला घेता येते. एकाच इंजिनावर उडणाऱ्या हलक्या विमानात ती सोय नाही. तेथे इंजिन व प्रोपेलर यांना जोडणारा दुवा निखळला तर इंजिन चालू असूनही विमानाला पुढे ओढणारी शक्ती शून्य होते. म्हणून ‘कंपन नाही’ या दोन शब्दांचा नेमका अर्थ काय, हा केवळ संज्ञेचा वाद उरत नाही.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) ‘कंपनरहित’ या विशेषणाची व्याप्ती व मर्यादा निश्चित करणे.
२) विमानातील वापरात पीळकंपन कसे उद्भवते हे अभियांत्रिकीबाहेरील वाचकासही कळेल अशा रीतीने मांडणे.
३) ते कमी करण्याच्या प्रचलित उपायांचे व त्यांच्या समर्थनार्थ दिल्या जाणाऱ्या पुराव्याचे मूल्यमापन करणे.

२. संज्ञेची स्पष्टता

विमानविद्येच्या इतिहासात ‘रोटरी इंजिन’ या संज्ञेचे दोन अगदी भिन्न अर्थ आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात नोम या फ्रेंच इंजिनासारख्या रचनेला रोटरी म्हणत. तिच्यात शाफ्ट स्थिर राही आणि सिलिंडरांसह संपूर्ण इंजिन प्रोपेलरबरोबर गरगरत असे. या लेखाचा विषय तो नाही. येथे अभिप्रेत आहे ते जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) यांच्या नावाने ओळखले जाणारे इंजिन. एनएसयू या कंपनीत त्याचा पहिला नमुना १९५७ मध्ये चालला. आज परिचित असलेले रूप मात्र त्याच कंपनीतील हान्स डीटर पाश्के यांनी दिले. १९५८ मध्ये अमेरिकेतील कर्टिस-राइट कंपनीने त्याचा परवाना घेतला, आणि १९६७ मध्ये जर्मनीत एनएसयू रो ८० व जपानमध्ये माझ्दा कॉस्मो या दोन-रोटरी मोटारी बाजारात आल्या.

विमानाशी या इंजिनाचा संबंध आरंभापासूनचा आहे. कर्टिस-राइट ही मुळात विमान-इंजिनांची कंपनी. तिचे दोन-रोटरी इंजिन लॉकहीडच्या क्यू-स्टार या नीरव उड्डाणाच्या प्रायोगिक विमानात १९६० च्या दशकाच्या अखेरीस वापरले गेले. १९८४ मध्ये तिचा रोटरी विभाग जॉन डीअर या कंपनीकडे गेला. दुसरीकडे, अमेरिकेत स्वतःच्या हाताने विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींनी माझ्दाचे १३बी हे मोटारीचे इंजिन विमानात बसविण्याची परंपरा निर्माण केली. पीळकंपनाचा प्रश्न सर्वांत ठळकपणे समोर येतो तो या रूपांतरित इंजिनांतच. त्याचे कारण असे की येथे इंजिन एकाने केलेले असते, गिअरबॉक्स दुसऱ्याने आणि प्रोपेलर तिसऱ्याने.

३. विधानातील सत्यांश

टीकेपूर्वी विधानाला त्याचे श्रेय देणे न्यायाचे ठरेल. नेहमीच्या इंजिनात पिस्टन प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो व दिशा बदलतो. त्याला थांबविण्यासाठी व पुन्हा पळविण्यासाठी लागणारे बल इंजिनाच्या सांगाड्याला हादरे देते. चार सिलिंडरांच्या सरळ रचनेत हे हादरे बऱ्याच अंशी एकमेकांना छेद देतात, तरी फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारतेचे कंपन शिल्लक राहतेच.

वांकेल इंजिनात तीन बाजूंचा रोटर उत्केंद्री शाफ्टवर फिरतो. शाफ्टच्या तीन फेऱ्यांत रोटरची एक फेरी पूर्ण होते. रोटरचा गुरुत्वमध्य या काळात एका लहानशा वर्तुळात एकसारखा फिरत राहतो. माझ्दा १३बी मध्ये या वर्तुळाची त्रिज्या १५ मिलिमीटर आहे. वर्तुळात एकसारख्या फिरणाऱ्या वस्तुमानाचा समतोल शाफ्टवर विरुद्ध बाजूस वजन लावून पूर्णपणे साधता येतो. दोन रोटर परस्परांच्या समोर, १८० अंशांवर बसविले म्हणजे त्यांची बले एकमेकांना रद्द करतात आणि उरलेला डुलविणारा जोर दोन्ही टोकांच्या प्रतिवजनांनी नाहीसा होतो. गणिताच्या दृष्टीने हा समतोल देखणा आहे. पिस्टन इंजिनात तो साधण्यासाठी सहा सिलिंडर लागतात.

म्हणजेच ‘कंपनरहित’ या विशेषणामागे खरे निरीक्षण आहे. आसनावर बसलेल्या माणसाला जाणवणारा हादरा या इंजिनात खरोखरच कमी असतो. प्रश्न असा आहे की जाणवणारा हादरा म्हणजेच सर्व कंपन असे मानावे काय?

४. विधान जेथे मौन पाळते

या इंजिनाच्या जडणघडणीचा इतिहास पाहता उत्तर नकारार्थी येते. १९६० च्या दशकाच्या आरंभी माझ्दाच्या अभियंत्यांना कवचाच्या आतील पृष्ठभागावर लाटांसारखे ओरखडे आढळू लागले. त्यांना तेथे ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव पडले. केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखालील गटाने शोधलेले कारण उद्बोधक आहे : रोटरच्या टोकावरील सील कवचावरून घासत जाताना स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेने थरथरत होती. सीलमध्ये आडवी छिद्रे पाडून ती वारंवारता बदलताच ओरखडे थांबले. पुढे उत्पादनासाठी कार्बन व ॲल्युमिनियम यांच्या मिश्र पदार्थाची सील वापरली गेली. ज्या इंजिनाची ख्याती ‘कंपनरहित’ अशी, ते बाजारात येण्यातील सर्वांत मोठा अडथळा कंपनाचाच होता. परिचयपर लेखनात हा विरोधाभास बहुधा नोंदविला जात नाही.

दुसरे मौन अधिक गंभीर आहे. इंजिन शाफ्टला जो पीळ देते, म्हणजे ज्याला आपण टॉर्क म्हणतो, तो कधीही एकसारखा नसतो. वायूचा स्फोट होतो तेव्हा तो वाढतो. दाब देण्याच्या टप्प्यात घटतो, प्रसंगी उलटतोही. वांकेल इंजिनात प्रत्येक रोटर शाफ्टच्या प्रत्येक फेरीला एक शक्तिठोका देतो, आणि तो ठोका शाफ्टच्या २७० अंशांपर्यंत पसरलेला असतो. पिस्टन इंजिनात तो १८० अंशांत आटोपतो. त्यामुळे ठोका तुलनेने सौम्य असतो हे खरे. तथापि दोन रोटरांचे इंजिन फेरीला दोन ठोके देते आणि चार सिलिंडरांचे चतुःआघाती इंजिनही फेरीला दोनच ठोके देते. ठोक्याचा आकार बदलला, ठोक्यांची संख्या बदलली नाही. दोन रोटर हे सहा सिलिंडरांच्या तोडीचे आहेत, असे जे वारंवार म्हटले जाते ते आकाराच्या तुलनेवर आधारलेले आहे. अनुस्पंदनाच्या, म्हणजेच वर्गात आपण ज्याला रेझोनन्स म्हणतो त्याच्या विचारात मात्र आधी वारंवारता पाहावी लागते.

कमी वेगावर व कमी भारावर परिस्थिती आणखी बिघडते. सरासरी टॉर्क अगदी लहान होतो, पण चढउतार त्या प्रमाणात कमी होत नाही. परिणामी टॉर्क दर फेरीत क्षणभर उलटा होतो. एनएसयू रो ८० मध्ये नेहमीच्या गिअरबॉक्सऐवजी टॉर्क कन्व्हर्टर व अर्धस्वयंचलित गिअर यांची योजना होती. कमी वेगावरील हे झटके प्रवाशांपर्यंत न पोहोचण्यात द्रवाच्या त्या दुव्याचा वाटा होता. इंजिनाच्या गुळगुळीतपणाचे श्रेय इंजिनाला किती आणि त्यामागील दुव्याला किती, हा प्रश्न तेव्हाही होता.

५. विमानात काय बदलते?

माझ्दा १३बी इंजिनातून विमानोपयोगी शक्ती मिळवायची तर ते मिनिटाला सुमारे ६००० फेऱ्यांवर चालवावे लागते. १.९ मीटर व्यासाचा प्रोपेलर त्या शाफ्टला थेट जोडला तर त्याच्या पात्यांच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पावणेदोनपट होईल. असा प्रोपेलर ओढण्यापेक्षा आवाजच अधिक करील. म्हणून वेग कमी करणारा गिअरबॉक्स अपरिहार्य ठरतो. २.१७ किंवा २.८५ ही गुणोत्तरे या रूपांतरांत परिचित आहेत. पहिल्यात प्रोपेलर मिनिटाला सुमारे २७६५ व दुसऱ्यात सुमारे २१०५ फेरे घेतो.

गिअरबॉक्स येताच व्यवस्थेचे स्वरूप पालटते. आता एका टोकाला रोटर व फ्लायव्हील यांचे जडत्व आहे, दुसऱ्या टोकाला प्रोपेलरचे मोठे जडत्व आहे, आणि मध्ये शाफ्ट, गिअर व जोडणी यांची लवचीक कडी आहे. दोन जड चकत्या एका स्प्रिंगने जोडाव्यात तशी ही रचना आहे. तिला स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. इंजिनाचे ठोके त्या वारंवारतेशी जुळले की शाफ्टमधील पीळ प्रत्येक ठोक्याला वाढत जातो. बाहेरून विमान शांत दिसते, कारण हा पीळ सांगाड्याला हलवीत नाही. आतल्या आत शाफ्टचा धातू मात्र थकत जातो. पीळकंपनाचा धोका नेमका येथे आहे : ज्या हादऱ्याअभावी आपण इंजिनाला शांत म्हणतो, तो हादरा नसल्यामुळे दुसऱ्या कंपनाची सूचनाही मिळत नाही.

मुद्दा स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक पण वास्तवाच्या जवळचे उदाहरण घेऊ. इंजिनाच्या बाजूचे जडत्व ०.१ किलोग्रॅम-वर्गमीटर, प्रोपेलरचे १.०, गिअरचे गुणोत्तर २.५ आणि मधल्या कडीची ताठरता इंजिनाच्या बाजूने पाहता प्रति रेडियन १०,००० न्यूटन-मीटर आहे असे मानू. गुणोत्तराच्या वर्गाने भागल्यामुळे इंजिनाला प्रोपेलरचे जडत्व ०.१६ इतकेच भासते. या आकड्यांवरून नैसर्गिक वारंवारता सेकंदाला सुमारे ६४ येते. आता रोटरांची संख्या बदलून पाहू. तीन रोटर असतील तर ठोके या वारंवारतेशी मिनिटाला सुमारे १२८० फेऱ्यांवर जुळतील. दोन रोटर असतील तर सुमारे १९२५ वर. आणि एकच रोटर असेल तर सुमारे ३८५० वर. साखळी तीच, गिअरबॉक्स तोच, प्रोपेलरही तोच. तरीही धोक्याचा वेग एका रचनेत केवळ इंजिन सुरू करताना ओलांडला जातो, तर दुसऱ्या रचनेत तो उड्डाणातील वापराच्या पट्ट्यात येऊन बसतो. ‘रोटरी इंजिनात कंपन असते की नसते’ हा प्रश्नच अपुरा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

६. प्रचलित उपायांची चिकित्सा

पहिला उपाय कडी अतिशय ताठर करण्याचा. नैसर्गिक वारंवारता इतकी वर न्यायची की इंजिनाचे ठोके तेथवर पोहोचूच नयेत. वरील उदाहरणात दोन रोटरांसाठी धोक्याचा वेग ६५०० फेऱ्यांपर्यंत नेण्यास ताठरता अकरापटीहून अधिक वाढवावी लागेल, आणि सुरक्षित अंतर राखायचे तर त्याहूनही अधिक. शाफ्ट जाड व आखूड, गिअर रुंद, कवच भक्कम. म्हणजे वजन वाढणार. शिवाय ताठर साखळीत इंजिनाचा प्रत्येक ठोका गिअरच्या दातांवर जवळजवळ जसाच्या तसा पोहोचतो. जेथे किलोग्रॅमागणिक हिशेब होतो त्या हलक्या विमानात हा मार्ग तत्त्वतः निर्दोष पण व्यवहारात महाग आहे.

दुसरा व अधिक लोकप्रिय उपाय याच्या उलट आहे. मध्ये रबर, पॉलियुरेथेन किंवा क्लचच्या तबकडीतील स्प्रिंगांसारखी मऊ जोडणी बसवून नैसर्गिक वारंवारता निष्क्रिय वेगाच्याही खाली उतरवायची. आपल्या उदाहरणात ताठरता एक चतुर्थांश केली, तर दोन रोटरांचा धोक्याचा वेग १९२५ वरून सुमारे ९६० वर येतो. ६००० फेऱ्यांवर टॉर्कच्या चढउताराचा जो भाग प्रोपेलरकडे जातो तो सुमारे सात टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या आत येतो. आकडे आकर्षक आहेत. तरीही या उपायाच्या समर्थकांनी तीन गोष्टींचे उत्तर द्यायला हवे.

एक, धोक्याचा वेग नाहीसा झालेला नसतो, तो खाली सरकलेला असतो. प्रत्येक वेळी इंजिन सुरू व बंद करताना तो ओलांडावाच लागतो. दोन, रबर कंपनाची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करते, तापते व कालांतराने तिची ताठरता बदलते. आज ९६० वर असलेली मर्यादा काही वर्षांनी तेथेच असेल अशी हमी रबर देत नाही. तीन, आणि हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा : संपूर्ण गणित दोन्ही रोटर व्यवस्थित पेट घेत आहेत या गृहीतकावर उभे आहे. प्रज्वलन किंवा इंधनपुरवठा बिघडून एक रोटर बंद पडला, तर फेरीला दोनऐवजी एकच ठोका मुख्य होतो आणि धोक्याचा वेग दुप्पट होतो. मऊ जोडणी असतानाही तो सुमारे १९२५ वर येतो, आणि ताठरता मूळचीच असेल तर ३८५० वर. म्हणजे वैमानिक अर्ध्या शक्तीवर विमान सावरत उतरण्याची जागा शोधत असतो, नेमक्या त्याच वेळी साखळीवरील ताण वाढतो. एक रोटर गेला तरी दुसऱ्यावर घरी येता येते, हा या इंजिनाचा गुण म्हणून सांगितला जातो. तो गुण खरा ठरायचा असेल तर जोडणीची रचना या अवस्थेसाठीही तपासलेली असली पाहिजे. निकोप अवस्थेपुरते केलेले गणित अर्धेच गणित होय.

तिसरा उपाय फ्लायव्हील जड करण्याचा. इंजिनाच्या बाजूचे जडत्व दुप्पट केले तर धोक्याचा वेग १९२५ वरून सुमारे १६०० वर येतो. एवढ्या लाभासाठी वाहावे लागणारे वजन पाहता हा उपाय पूरक म्हणूनच स्वीकारता येईल.

चौथी बाब प्रोपेलरची. लाकडी किंवा संमिश्र पदार्थाचा हलका प्रोपेलर गिअरवरील भार कमी करतो, म्हणून तो सुचविला जातो. सल्ला चांगला आहे. पण त्याचा दुसरा परिणाम क्वचितच सांगितला जातो. मऊ जोडणीच्या उदाहरणात प्रोपेलरचे जडत्व निम्मे केले तर धोक्याचा वेग ९६० वरून सुमारे ११३० वर चढतो, म्हणजे निष्क्रिय वेगाच्या पट्ट्यात येऊ लागतो. याचा अर्थ हलका प्रोपेलर वाईट असा नव्हे. प्रोपेलर बदलणे म्हणजे संपूर्ण व्यवस्था बदलणे होय आणि प्रत्येक बदलानंतर तपासणी नव्याने करावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

पाचवा उपाय इतिहासातून येतो. १९३० च्या दशकात राइट कंपनीच्या गिअरयुक्त सायक्लोन या तारकाकृती इंजिनात पीळकंपनाचा असाच प्रश्न उभा राहिला. तेव्हा फिरत्या शाफ्टवर लोंबकळणारे वजन बसविण्याची युक्ती पुढे आली. एमआयटीचे ई. एस. टेलर व कंपनीतील रोलंड चिल्टन यांची नावे या कामाशी जोडली जातात. अशा लोलकाची वारंवारता शाफ्टच्या वेगाबरोबर आपोआप वाढते, त्यामुळे तो एका ठरावीक वेगापुरता उपयोगी न राहता सर्व वेगांवर ठोक्यांच्या त्या क्रमाला शमवतो. वजनाच्या हिशेबात हा उपाय काटकसरीचा आहे. मात्र तो ज्या क्रमासाठी जुळविला त्याच क्रमावर चालतो. दोन ठोक्यांसाठीचा लोलक एक रोटर बंद पडलेल्या अवस्थेत मुख्य ठोक्यासाठी निरुपयोगी ठरेल. शिवाय तो घडविण्यास अचूक यंत्रकाम व मोजमाप लागते, आणि हौशी रूपांतरात नेमका याच गोष्टींचा तुटवडा असतो.

उपायांची ही यादी पाहता एक गोष्ट उघड होते. कोणताही उपाय स्वतंत्रपणे चांगला वा वाईट नाही. तो कोणत्या साखळीत, कोणत्या वेगपट्ट्यात व कोणत्या बिघाडाच्या अवस्थेत वापरायचा हे सांगितल्याशिवाय त्याचे मूल्य ठरत नाही.

७. पुराव्याचा प्रश्न

या विषयावरील हौशी लेखनात एक युक्तिवाद वारंवार येतो : ‘अमुक विमान शेकडो तास उडाले, काही झाले नाही.’ या मंडळींच्या परिश्रमाबद्दल आदर बाळगूनच हा युक्तिवाद तपासावा लागतो. मोठ्या कंपन्यांनी जे अर्धवट सोडले ते त्यांनी स्वतःच्या खर्चाने व स्वतःचा जीव धोक्यात घालून पुढे नेले, हे नाकारता येत नाही. परंतु उड्डाणाचे तास एका विशिष्ट इंजिनाचे, एका गिअरबॉक्सचे, एका प्रोपेलरचे व एका वैमानिकाच्या सवयींचे असतात. त्यांतील एक घटक बदलला की तो अनुभव नव्या व्यवस्थेला तसाच लागू होत नाही. धातूचा थकवा संचयी असतो, म्हणून काल काही झाले नाही हे उद्याचे आश्वासन नसते. आणखी एक अडचण अशी की यशस्वी विमानाची कथा सांगितली जाते, तर गिअरबॉक्स काढून मुकाट्याने दुसरे इंजिन बसविणाऱ्याची कथा सहसा लिहिली जात नाही. साहित्याच्या इतिहासात आपण उपलब्ध ग्रंथांवरून काळाविषयी निष्कर्ष काढताना जी सावधगिरी बाळगतो, तीच येथेही बाळगायला हवी.

याच्या तुलनेत पिस्टन इंजिनांच्या जगातील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे ९१२ हे चार सिलिंडरांचे इंजिन हलक्या विमानांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्याच्या शंभर अश्वशक्तीच्या रूपात गिअरबॉक्सचे गुणोत्तर २.४३ असून, पीळ शोषणारी स्प्रिंगयुक्त रचना गिअरबॉक्समध्येच अंतर्भूत आहे. निर्मात्याने निष्क्रिय वेगाची किमान मर्यादा मिनिटाला १४०० फेरे अशी घातली आहे. या इंजिनाच्या गुळगुळीतपणाची कोणी फारशी स्तुती करत नाही. तरीही ते विश्वासार्ह मानले जाते, कारण इंजिन, शोषक व गिअरबॉक्स एकाच हाताने एकत्र रचले गेले आहेत आणि मर्यादा लेखी सांगितल्या आहेत. उगमापाशी अधिक खडबडीत असलेले इंजिन व्यवस्था म्हणून अधिक भरवशाचे ठरू शकते, हा ‘कंपनरहित’ या विशेषणावरील सर्वांत बोलका अभिप्राय होय.

मोजमापाची साधने आज दुर्लभ नाहीत. शाफ्टच्या दोन टोकांना दातेरी चकती व संवेदक बसवून फिरण्याच्या वेगातील सूक्ष्म चढउतार टिपता येतो. शाफ्टवर ताणमापक पट्टी चिकटवून पीळ प्रत्यक्ष मोजता येतो. एक रोटर मुद्दाम बंद ठेवून जमिनीवर हेच मापन करता येते. उड्डाणाच्या शंभर तासांपेक्षा अशा एका तासाच्या मापनाचे पुरावामूल्य अधिक आहे.

८. साखळी एकत्र रचण्याचे व प्रश्न टाळण्याचे मार्ग

वांकेल इंजिनाचे विमानातील टिकाऊ यश पाहायचे तर ते पूर्ण व्यवस्था म्हणून रचलेल्या उदाहरणांत दिसते. जर्मनीच्या श्लायशर कंपनीच्या एएसएच २६ ई या स्वयंउड्डाणक्षम ग्लायडरमध्ये एक-रोटरी इंजिन धडातच राहते, आणि बाहेर उभ्या होणाऱ्या खांबावरील प्रोपेलरला शक्ती पट्ट्याने पोहोचते. पट्टा येथे एकाच वेळी वेग कमी करतो आणि लवचीक कडीचेही काम करतो. २०११ मध्ये उडालेल्या डायमंड डीए३६ ई-स्टार या मोटर-ग्लायडरने याहून पुढचे पाऊल टाकले. त्यात ऑस्ट्रो कंपनीचे लहान वांकेल इंजिन केवळ वीज निर्माण करते व प्रोपेलर विद्युत मोटार फिरवते. इंजिन आणि प्रोपेलर यांच्यात यांत्रिक दुवाच नसल्यामुळे या लेखात चर्चिलेले अनुस्पंदन उद्भवण्याची जागाच उरत नाही. माझ्दाने २०२३ मध्ये एमएक्स-३० या मोटारीत एक-रोटरी इंजिन परत आणले तेही जनित्र चालविण्यासाठीच. या दोन्ही ठिकाणी पीळकंपनाचा प्रश्न सुटलेला नाही, तो टाळलेला आहे. मात्र तो जाणीवपूर्वक टाळणे हीही अभियांत्रिकी परिपक्वता आहे.

महाराष्ट्राशीही या विषयाचा प्रत्यक्ष संबंध आहे. ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी घडविलेल्या ५५ अश्वशक्तीच्या भारतीय वांकेल इंजिनाची उड्डाण चाचणी २००९ मध्ये कर्नाटकात कोलारजवळ झाली. इंजिनाचा गाभा बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने, प्रज्वलन व इंधनप्रणाली अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेने सिद्ध केली आणि उड्डाण चाचणीची जबाबदारी वैमानिकी विकास आस्थापनेकडे होती. तीन संस्थांतील ही कामाची विभागणीच सांगते की विमानातील इंजिन ही सुटी वस्तू नसते. मात्र विभागणीबरोबर एक जोखीमही येते : प्रत्येकाचा भाग स्वतंत्रपणे उत्तम असूनही त्यांना जोडणाऱ्या कडीचा विचार कोणाच्याच वाट्याला न येण्याची. लहान वैमानिकरहित विमानांचे काम आता अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रकल्पांतही पोहोचले आहे. ही जोखीम म्हणून आपल्या वर्गांपासून दूर राहिलेली नाही.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) वांकेल इंजिन जडत्वजन्य कंपनापासून जवळजवळ मुक्त आहे, टॉर्कच्या चढउतारापासून ते मुक्त नाही. ‘कंपनरहित’ हे विशेषण दोहोंतील भेद पुसून टाकते, म्हणून अध्यापनात त्याऐवजी ‘पूर्ण समतोल साधता येणारे इंजिन’ असे म्हणणे अधिक अचूक होईल.

२) पीळकंपनाचा धोका इंजिन, जोडणी, गिअरबॉक्स व प्रोपेलर यांच्या परस्परसंबंधातून उद्भवतो. त्यांपैकी एकाचेच वर्णन करून त्याविषयी विधान करता येत नाही.

३) मऊ जोडणीचा उपाय सर्वांत व्यवहार्य आहे, तथापि एक रोटर बंद पडल्याच्या अवस्थेसाठी तपासल्याशिवाय तो पूर्ण मानता येणार नाही.

४) उड्डाणाच्या तासांची बेरीज मापनाची जागा घेऊ शकत नाही. अपयशांच्या नोंदीही यशाइतक्याच काळजीपूर्वक प्रसिद्ध व्हायला हव्यात.

एखाद्या यंत्राविषयीचे विशेषणही यंत्राच्या सुट्या भागासारखेच असते. ते चुकीच्या जागी बसले तर नुकसान करते. ‘कंपनरहित’ या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस कंपन मोजणार नाही, आणि जे मोजले जात नाही ते दुरुस्तही होत नाही. विद्यार्थ्यांना हे वाक्य देताना त्याच्या पुढचा प्रश्नही द्यावा : कोणते कंपन, कोणत्या वेगावर आणि कोणत्या साखळीत? एवढा प्रश्न विचारण्याची सवय जरी वर्गात लागली, तरी तिचा उपयोग रोटरी इंजिनापुरता मर्यादित राहणार नाही.